मोटारसायकल ही चैन नव्हे, धंद्याचे अवजार आहे

आपल्या समाजातील एखाद्या छोट्या व्यापाऱ्याला वा कारागिराला त्याच्या धंद्यातील भांडवल किती, असे विचारले तर तो दुकानातील माल, गल्ल्यातील रोकड, उधारीची वही आणि हत्यारांची पेटी यांचा हिशेब सांगेल. दुकानाबाहेर उभी असलेली मोटारसायकल मात्र त्या हिशेबात कधीच येत नाही. ती घरची वस्तू समजली जाते. वास्तविक पाहता ती एक दिवस बंद पडली की धंदा अर्ध्यावर येतो आणि तिच्यावरून पडून मालक महिनाभर अंथरुणाला खिळला तर दुकानाचे शटरच खाली येते.

मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला सुटे भाग व सुताच्या बाचक्या याच वाहनावरून आणतो. सोलापूर-कोल्हापूरकडील बागवान बांधव पहाटे फळांचा लिलाव गाठतात ते याच वाहनावरून. कोकणात मासळीचा डबा, खेड्यापाड्यांतील आठवडी बाजारात कापडाचे गठ्ठे, शहरात वेल्डरचे यंत्र, प्लंबरचे पाने व रंगाऱ्याचे डबे, सारे काही याच दोन चाकांवर चालते. म्हणजे आमच्या हजारो कुटुंबांची रोजी या वाहनाशी जोडलेली आहे. असे असूनही तिच्या निगेबाबत व ती चालविण्याबाबत आपल्याकडे जी बेफिकिरी दिसते, ती धंद्याच्या कोणत्याही दुसऱ्या बाबीत आपण खपवून घेणार नाही. सुतार रंधा लावण्यापूर्वी पाते पारखतो, शिंपी मशीनला तेल दिल्याशिवाय बसत नाही, पण तोच शिंपी चेन करकर वाजणारी गाडी सहा-सहा महिने तशीच हाकतो. आमच्या मते ही सवय मोडली पाहिजे.

आधी हिशेब पाहू

समजा, एखादा फिरता व्यापारी रोज ४० किलोमीटर गाडी चालवितो आणि वर्षातून ३०० दिवस धंदा करतो. वर्षाचे १२,००० किलोमीटर झाले. गाडी नीट असेल व लिटरला ६० किलोमीटर देत असेल तर त्याला २०० लिटर पेट्रोल लागेल. तीच गाडी तुंबलेला एअर फिल्टर, कमी हवा, घासणारा ब्रेक आणि सुकलेली चेन यांमुळे ५० वर आली तर २४० लिटर लागेल. फरक ४० लिटरचा. आपल्या राज्यात पेट्रोल शंभर रुपयांच्या वर गेलेले आहे. म्हणजे चार हजारांहून अधिक रुपये नुसते धुरात जातात. तेवढ्या रकमेत वर्षभराचे इंजिन ऑईल, एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेक शू यांचा खर्च सहज निघतो. देखभालीला पैसे नाहीत, असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात ते पैसे पंपावर भरून येतो, फक्त ते त्याला दिसत नाहीत.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, दुकानाच्या खतावणीत एक पान मोटारसायकलीच्या नावे उघडावे. पेट्रोल किती भरले, त्या दिवशी किलोमीटरचा आकडा काय होता, ऑईल कधी बदलले, टायर कधी टाकला, हे सर्व त्या पानावर लिहावे. ॲव्हरेज अचानक घसरले की समजावे, गाडीत काही तरी बिघाड सुरू झाला आहे. माणसाला ताप येतो तसा हा गाडीचा ताप आहे. शिवाय गाडी काही वर्षांत घासून जाणार आहे, तेव्हा दरमहा थोडी रक्कम नव्या गाडीसाठी बाजूला टाकावी. मोठे कारखानदार यास घसारा म्हणतात. छोट्या माणसालाच त्याची गरज अधिक असते.

सकाळची पाच मिनिटे

देखभाल म्हणजे गॅरेज, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. निम्मी देखभाल मालकाच्या हातात असते व तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

सकाळी गाडी काढताना प्रथम जमिनीकडे पाहावे. ऑईल वा पेट्रोलचा डाग पडला आहे काय? मग दोन्ही टायर पाहावेत. खिळा, काच, चीर दिसते काय? दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. मागचा दिवा व ब्रेकचा दिवा पेटतो की नाही, हे भिंतीवरील लाल उजेडावरून कळते. हॉर्न, इंडिकेटर, आरसे पाहावेत. आरसे काढून ठेवणे ही तर आपल्याकडील तरुणांची फॅशनच झाली आहे. ज्याला पाठीमागचे दिसत नाही, त्याने गर्दीच्या रस्त्यावर माल घेऊन जाऊ नये. शेवटी साइड स्टँड वर केला की नाही, हे पाहून निघावे. खाली राहिलेला स्टँड डाव्या वळणावर जमिनीला टेकतो आणि गाडी उलटवितो.

हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. कंपनीच्या पुस्तकात मागच्या टायरसाठी सहसा दोन आकडे दिलेले असतात, एक एकट्या स्वारासाठी व दुसरा मागे माणूस असताना. माल लादणाऱ्याने दुसरा आकडा पाळावा. हवा कमी असली की टायरच्या कडा झिजतात व तो तापतो, जास्त असली की मधला पट्टा झिजतो व ओल्या रस्त्यावर पकड सुटते. टायरच्या खाचांमध्ये झीज दाखविणारे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला असे समजावे. "अजून दोन महिने निघतील" हा हिशेब पावसाळ्यात महागात पडतो.

ऑईल, चेन आणि फिल्टर

मोटारसायकलीच्या इंजिनात जेमतेम एक लिटर ऑईल असते. तेवढ्यावर इंजिन, गिअर आणि क्लच, तिन्हींचे काम चालते. म्हणून स्वस्त मिळते या कारणाने मोटारीचे ऑईल टाकू नये. त्यातील काही रसायनांमुळे क्लच प्लेटा घसरू लागतात. डब्यावर कंपनीने सांगितलेला नंबर आणि 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही खूण असावी. ऑईल किती किलोमीटरला बदलावे, हे पुस्तकात दिलेले असते. परंतु जो माणूस रोज बोजा वाहतो, धुळीत फिरतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बाजारपेठेत रांगतो, त्याने त्याआधीच बदलावे. दर आठवड्याला गाडी सरळ उभी करून ऑईलची कांडी पाहावी. ऑईल खालच्या खुणेच्या खाली गेले असताना गाडी चालविणे म्हणजे हजारो रुपयांच्या दुरुस्तीला निमंत्रण देणे होय. आणि सीलबंद डबा आपल्या डोळ्यांसमोर फोडून घ्यावा, कारण बनावट ऑईलचा धंदाही बाजारात चालतो.

चेनबाबत सर्वांत जास्त हयगय होते. साधारण पाचशे किलोमीटरनंतर, आणि पावसात भिजल्यावर लगेच, चेन पुसून तीवर ९० नंबरचे गिअर ऑईल किंवा चेनसाठी मिळणारा स्प्रे द्यावा. इंजिनातून काढलेले जळके ऑईल चेनवर ओतण्याची प्रथा आहे. त्यात धातूचा कीस व काजळी असते, ते चेनला खाते. चेन फार ताणूही नये. माल लादल्यावर ती आणखी ताणली जाते व बेअरिंग जाते. चेन बदलताना दोन्ही दातेरी चाकांसह पूर्ण सेट बदलावा. नवी चेन झिजलेल्या दात्यांवर चढविली तर तीही लवकरच निकामी होते.

येथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडके लावू नये. असे करताना फडक्याबरोबर बोटे ओढली जातात व तुटतात. ज्याची रोजी बोटांवर अवलंबून आहे, त्या कारागिराने हे विशेष लक्षात ठेवावे. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, गाडी मधल्या स्टँडवर, आणि चाक हाताने फिरवायचे. एवढे केले तर धोका उरत नाही.

एअर फिल्टर हे गाडीचे नाक आहे. यंत्रमागांच्या गल्ल्यांतून हवेत सुताचा तूस उडतो, वीटभट्ट्या व खडीच्या रस्त्यांवर धूळ असते. अशा ठिकाणी पुस्तकातील मुदतीची वाट पाहू नये. स्पंजाचा फिल्टर धुता येतो, कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा. कोकणातील व मासळीच्या धंद्यातील बांधवांची अडचण वेगळी आहे. डब्यातील बर्फाचे खारट पाणी चेन, स्पोक आणि चेसिसवर झिरपते आणि गंज खालून सुरू होतो. त्यांनी डब्याखाली जाड रबरी चटई घालावी, पाणी नळीने बाजूला सोडावे आणि धंदा आटोपल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुवावी.

बदललेले पेट्रोल, बदललेल्या गाड्या

१९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली आणि फटफटीच्या ऐवजी कमी पेट्रोल खाणारी चार-स्ट्रोक गाडी सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली. या गाड्यांनी आपल्याला थोडे आळशी केले, असे आम्हास वाटते. बिचाऱ्या काही न मागता चालत राहतात, म्हणून मालक त्यांच्याकडे पाहत नाही.

आता परिस्थिती बदलली आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमांच्या गाड्या विकल्या जातात. त्यांत बहुधा कार्बोरेटर नसतो, पेट्रोल पंप व इंजेक्टर असतो. अशा गाडीची टाकी वारंवार कोरडी करू नये, कारण टाकीतील पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो. मीटरवरील इंजिनचा पिवळा दिवा पेटून राहिला तर तो झाकून चालत राहू नये. तारा कापून हॉर्न-दिवे जोडू नयेत.

पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या गाड्यांमधील काही रबरी नळ्या व वॉशर यांना ते मानवत नाही. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी पेट्रोलची नळी कडक झाली, चिरली वा पाझरू लागली की ताबडतोब बदलावी, टाकीचे झाकण पाणी घेत नाही ना हे पाहावे आणि हजला वा गावी जाताना गाडी दोन-दोन महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये. घरात कोणी असेल तर त्यास आठवड्यातून एकदा चालविण्यास सांगावे.

बोजा किती, कसा?

दोन चाकांवर टेम्पोचे काम घेण्याची खोड आपल्या व्यापारी वर्गाला फार आहे. एक खेप वाचते, पण क्लच प्लेटा, मागचे शॉकअप, स्पोक व बेअरिंग यांचे आयुष्य निम्मे होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी ऐनवेळी ऐकत नाही. बोजा मागच्या चाकाच्या पाठीमागे व उंच बांधला की पुढचे चाक हलके होते, हँडल हवेत तरंगल्यासारखे लागते आणि ब्रेक धरत नाही. म्हणून जड वस्तू खाली व स्वाराच्या जवळ, हलकी वस्तू वर, दोन्ही बाजूंना वजन सारखे, हा नियम पाळावा. हँडलला पिशव्या लटकावू नयेत. दोरीचे लोंबते टोक चाकात जाते, तेव्हा गाठीनंतर ते कापावे वा खोचावे. सळया, पाइप व काचा मोटारसायकलीवरून नेऊच नयेत. शेजारच्या हातगाडीचे भाडे अपघाताच्या खर्चापुढे काहीच नाही.

हेच मागे बसणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत. बुरखा, ओढणी किंवा साडीचा पदर मागच्या चाकात अडकून झालेले अपघात आपण ऐकतो. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी, पाय ठेवण्याची पट्टी आणि धरण्यास हँडल असलेच पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा १२३ वा नियम आहे. काही तरुण दिसण्यासाठी ती जाळी काढून टाकतात. ज्या घरात आई-बहिणी गाडीवर बसतात, तेथे जाळी काढणे हा गुन्हाच समजला पाहिजे.

चालविताना

ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर. समोर मूल आले हे दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंतच एक सेकंद निघून जातो. पुढे थांबण्यासाठी जी ताकद जिरवावी लागते ती ६० च्या वेगाला ४० पेक्षा सव्वादोन पट असते. दहा किलोमीटरच्या प्रवासात या दोन वेगांत फरक पडतो तो पाच मिनिटांचा. पाच मिनिटांसाठी कोणता सौदा आपण करतो आहोत, याचा विचार व्हावा.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, या भीतीने पुष्कळ लोक केवळ पायाचा ब्रेक वापरतात. खरे पाहता ब्रेक मारताना वजन पुढे येते व थांबविण्याचे मोठे काम पुढचे चाकच करते. दोन्ही ब्रेक एकदम, पण झटका न देता, हळूहळू दाब वाढवीत लावावेत. वळणावर ब्रेक न लावता वळणापूर्वी वेग कमी करावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस, आणि त्यावरील गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. परंतु ब्रेक शू झिजलेला असेल तर कोणतीही सोय उपयोगी पडत नाही.

आपल्या भागातील काही खास धोके येथे नमूद करावेसे वाटतात. पहिल्या पावसात रस्त्यावरील ऑईल वर येते, तेव्हा पहिला तासभर अत्यंत निसरडा असतो. रंगवलेले पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे व रेल्वेचे रूळ ओले असताना तिरपे ओलांडू नयेत. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहेच, असे धरून चालावे. ऊसतोडणीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात रात्री दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात. समोरच्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपले की त्या दिसतच नाहीत. शक्यतो अंधार पडण्यापूर्वी परतावे, नाही तर वेग इतकाच ठेवावा की आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजा गळा कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. त्या दिवसांत गळ्याभोवती जाड मफलर व हेल्मेटची काच खाली, एवढे तरी करावे. आणि जे आमचे व्यापारी बांधव तो मांजा चोरून विकतात, त्यांनी आपण काय विकत आहोत याचा विचार करावा.

रमजानमध्ये मगरीबच्या आधीची वीस मिनिटे रस्त्यावर फार धोक्याची असतात. दिवसभराचा रोजा, थकवा, मावळतीचा प्रकाश आणि घरी पोचण्याची घाई, सारे एकत्र येते. खिशात चार खजुरा व पाण्याची बाटली ठेवावी आणि वेळ झाली तर रस्त्याच्या कडेला थांबून रोजा सोडावा. घरचे लोक दहा मिनिटे वाट पाहतील. त्यांना आपण सुखरूप हवे आहोत.

"जो होगा सो होगा"

हेल्मेटचा विषय निघाला की आपल्यातील अनेक जण आकाशाकडे बोट दाखवितात. "मौत लिखी होगी तो कौन रोकेगा?" हा प्रश्न ऐकून आम्हास आश्चर्य वाटते. हाच माणूस रात्री दुकानाला दोन कुलुपे लावतो, तेव्हा चोरी नशिबात असेल तर होईलच, असे म्हणत नाही. आजारी पडला तर डॉक्टरकडे धावतो. तवक्कुलचा अर्थ उंट मोकळा सोडणे असा नाही, आधी दावे बांधायचे व मग भरवसा ठेवायचा, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगण्याची गरज नाही. हेल्मेट हे ते दावे आहे.

आकडे बोलके आहेत. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. हेल्मेट नसताना मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, हेल्मेटमुळे अपघातग्रस्त स्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते.

टोपी घातली आहे म्हणून हेल्मेट नको, असाही युक्तिवाद ऐकू येतो. कायद्याने सूट आहे ती फेटा बांधणाऱ्या शीख बांधवांना. टोपी खिशात ठेवून हेल्मेट घालता येते व मशिदीच्या दारात पुन्हा टोपी घालता येते. हेल्मेटवर आय.एस.आय.ची खूण व 'आय.एस. ४१५१' हा क्रमांक पाहावा. जून २०२१ पासून त्याविना हेल्मेट विकण्यास मनाई आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारी दोनशे रुपयांची टोपली पोलिसांना दाखविण्यापुरतीच असते. आणि हनुवटीचा पट्टा बांधला नाही तर चांगले हेल्मेटही डोक्याआधी उडून जाते. चार वर्षांवरील मुलांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. पोरगा टाकीवर, मुलगी मध्ये, पत्नी मागे व तिच्या मांडीवर तान्हे, हे दृश्य ईदच्या दिवशी प्रत्येक शहरात दिसते. त्या दिवशी तरी रिक्षा करावी.

जुनी गाडी आणि कागद

व्याजाचा हप्ता नको म्हणून आपले बरेच बांधव रोखीने जुनी गाडी घेतात. ते चांगलेच आहे. पण व्यवहार तोंडी होतो, आर.सी. बुक पहिल्या मालकाच्या नावावर राहते आणि वर्षे निघून जातात. यात दोघांचेही नुकसान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की, आर.टी.ओ.च्या दफ्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक व भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला माणूस चार हात पुढे झालेल्या अपघातासाठी कोर्टात उभा राहू शकतो. घेणाऱ्याचे नुकसान असे की, मालक-चालकाचा अपघात विमा नावावरच्या मालकाला मिळतो, चालविणाऱ्या भलत्याला नाही.

म्हणून पैसे देण्यापूर्वी चेसिस व इंजिन नंबर आर.सी.शी ताडून पाहावे, जुन्या चलनांची थकबाकी तपासावी, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून घ्यावा आणि २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. खरेदीदाराने ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करणे कायद्याने आवश्यक आहे.

विम्याबद्दल दोन गोष्टी. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे लोक निश्चिंत होतात. पण गाडीच्या नुकसानीचा आणि मालकाच्या १५ लाख रुपयांच्या अपघात विम्याचा भाग बरेचदा एकाच वर्षाचा असतो व तो कधी संपला ते कळत नाही. तारीख पाहून घ्यावी. लायसन्सची मुदत संपलेली असेल तर हा विमाही उपयोगी पडत नाही. दुसरे असे की, खाजगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा सांगणारे कलम असते आणि भाड्याने वापर व मालवाहतूक त्यातून साधारणपणे वगळलेली असते. ज्यांचा धंदाच गाडीवर माल वाहून चालतो, त्यांनी एजंटाला हे कलम दाखवून लेखी खुलासा घ्यावा. दावा फेटाळल्यावर भांडण्यापेक्षा हे बरे.

मुलांच्या हाती किल्ली

दुकानातून डबा आणण्यासाठी तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देण्याचा प्रकार आपल्या मोहल्ल्यांत सर्रास चालतो. बापाला त्याचे कौतुक वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालकाला वा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. म्हणजे मोठा होऊन धंद्यात हात लावायच्या वयातच तो घरी बसेल. आणि रस्त्यात त्याने कोणाला उडविले तर भरपाई दुकान विकून द्यावी लागेल.

मिस्त्री बंधूंना दोन शब्द

दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा हात सफाईदार आहे, कानाने इंजिनाचा आवाज ओळखणारे उस्ताद आपल्याकडे आहेत. पण इंजेक्शनच्या, एबीएसच्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांना नुसता कान पुरत नाही. स्कॅनर लावून दोष वाचावा लागतो, वायरिंगचा नकाशा समजावा लागतो. ज्या उस्तादांनी हे शिकून घेतले नाही, त्यांच्या गॅरेजवर दहा वर्षांनी फक्त पंक्चरचे काम येईल, अशी आम्हास भीती वाटते. गॅरेजवर काम करणाऱ्या पोरांना दहावीपर्यंत शिकू द्यावे, आय.टी.आय.त पाठवावे, मग पुन्हा गॅरेजवर घ्यावे. गिऱ्हाइकाला काढलेला जुना भाग परत दाखवावा व पावती द्यावी. यानेच अधिकृत सर्व्हिस सेंटरशी टक्कर देता येईल.

गिऱ्हाइकांनीही एकच भला मिस्त्री धरावा व त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करून नकली सुटे भाग घालण्याची पाळी त्याच्यावर आणू नये. ब्रेक शू, केबल, टायर व चेन यांत स्वस्त माल घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

शेवटी

अपघात झालाच, आपला वा परक्याचा, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमीला मदत करणाऱ्यास पोलीस वा इस्पितळ अडकवून ठेवू शकत नाही, कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखविरहित उपचार करण्याची योजना अधिसूचित केली. नेमलेल्या इस्पितळात त्याची मागणी करावी. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये व त्यास पाणी पाजू नये.

आम्ही येथे सांगितलेल्या गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत. लागते ती सवय. येत्या शुक्रवारी बाजार बंद असेल वा दुपारी सवड मिळेल तेव्हा अर्धा तास काढावा, वहीत पान उघडावे, हवा भरावी, चेनला तेल द्यावे आणि विम्याच्या कागदावरील तारीख वाचावी. दुकानातील माल पुन्हा भरता येतो. ते दुकान चालविणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी आला पाहिजे, कारण त्याच्या घरात त्याची जागा भरून काढणारा दुसरा कोणी नसतो.